वेळ कमी असताना सॉफ्टवेअरचं टेस्टिंग नीट कसं करायचं, आणि ते शिकायचं कसं

"अगो, बिल्ड आत्ता तीनला आलाय, रिलीज सहाला आहे, मी टेस्ट काय काय करू?" असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच. (बिल्ड म्हणजे सॉफ्टवेअरची नवी तयार आवृत्ती, रिलीज म्हणजे ती लोकांच्या हातात देणं.) पाठवणारी मुलं बहुतेक गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, वाळपई अशा ठिकाणांहून पर्वरीला नाहीतर वेर्ण्याला कामाला जाणारी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, हुशार, आणि कोणीतरी त्यांच्या हातात एक लांबलचक एक्सेल शीट ठेवून "हे सगळं चेक कर" असं सांगून गेलेलं. तीन तासांत ते सगळं होत नाही हे त्यांना कळतं, सांगणाऱ्यालाही कळतं, पण बोलत कोणीच नाही. मी हे काम अकरा वर्षं करतेय आणि यातलं बरंचसं मला चुकून चुकून कळलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. कमी वेळात टेस्टिंग करणं म्हणजे तेच काम भराभर करणं नव्हे. भराभर केलं की डोळे स्क्रीनवरून नुसते घसरतात, दिसत काहीच नाही. कमी वेळात लागते ती निवड, आणि निवड करता येणं हे सरावानेच येतं.

माझी आई फोंड्याच्या बाजारात नुस्तं, म्हणजे मासे, घ्यायला जाते तेव्हा तिच्याकडे बघत बसावंसं वाटतं. टोपलीत शंभर बांगडे, आणि तिची बस पाच मिनिटांत सुटणार. ती शंभर बांगडे तपासत नाही. कल्ला उचलून आतला लाल रंग बघते, डोळा चढलाय की बसलाय ते बघते, पोटाला बोट लावून बघते, आणि मग वरचा थर बाजूला करून खालचा एक उचलते, कारण चांगले वर मांडलेले असतात हे तिला चाळीस वर्षांच्या बाजाराने शिकवलंय. कुठे बघायचं, कशावरून ओळखायचं आणि कुठल्या थरात हात घालायचा, या तीनही गोष्टी तिला येतात. आपल्याला नेमकं तेच शिकायचं आहे.

माझं शिक्षण कुठून सुरू झालं तेही सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात एक बुकिंगचं ॲप लाइव्ह जायचं होतं. चवथ म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, ऑफिस रिकामं व्हायला लागतं, प्रत्येकाला माटोळीचं, गणपतीच्या सजावटीचं, सामान आणायचं असतं, गावी पोचायचं असतं. माझ्याकडे १४० टेस्ट केसेसची, म्हणजे एकेक करून बघायच्या तपासण्यांची, शीट आणि एक दुपार. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि इमानेइतबारे एकेक करत ९६ पर्यंत पोचले, सगळं हिरवं, म्हणजे पास. रिफंडच्या केसेस १२० च्या पुढे होत्या. लाइव्ह गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं की बुकिंग रद्द केल्यावर पैसे परत जाताना रक्कम दोनदा जात होती. चवथीच्या दिवशी आमचा डेव्हलपर आरती सोडून लॅपटॉपवर बसला होता, ते चित्र माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मी कामचुकारपणा केला नव्हता. पण शीट ज्या क्रमाने लिहिली गेली तो क्रम आणि धोक्याचा क्रम एकच आहे असं मी न विचारता धरून चालले होते. शीट लिहिणाऱ्याने लॉगिनपासून सुरुवात केली होती कारण ॲप लॉगिनपासून सुरू होतं, बस एवढंच कारण.

पहिली दहा मिनिटं

हात कीबोर्डला लावू नका. खूप कठीण जातं हे, कारण घड्याळ दिसत असतं. पण ही दहा मिनिटं पुढचे तीन तास वाचवतात. एक कागद घ्या, खरा कागद, आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. काय बदललंय? बिघडलं तर कोणाचं नुकसान होईल? आणि बिघडलेलं परत फिरवता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिलीज नोटमध्ये अर्धवट असतं. उरलेलं अर्धं डेव्हलपरकडे असतं, त्याच्या टेबलाशी दोन चहा घेऊन जा आणि "काय बदललंस" असं विचारू नका, ते तो पाठ केल्यासारखं सांगेल, त्यापेक्षा "कुठल्या कोडला हात लावताना तुला भीती वाटली?" असं विचारा. मला आजवर यापेक्षा उपयोगी प्रश्न सापडलेला नाही. तो क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, "ते तारखांचं लॉजिक जुनं आहे, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं, त्याला मी थोडा हात लावलाय." झालं, तुमची पहिली जागा मिळाली.

तिसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त भर देते. बटणाचा रंग चुकला, उद्या दुरुस्त होतो. रिपोर्टमधला कॉलम सरकला, परवा दुरुस्त होतो. पण ग्राहकांना गेलेला चुकीचा एसएमएस परत बोलावता येत नाही, खात्यातून दोनदा कापलेले पैसे परत यायला दिवस लागतात आणि तोपर्यंत माणसाचा विश्वास उडालेला असतो, आणि डिलीट झालेली नोंद बॅकअप नसेल तर गेलीच. म्हणून पैसे, डिलीट आणि बाहेर जाणारे मेसेज ही तीन ठिकाणं आधी, मग शीटमध्ये ती कुठेही असोत.

दहा मिनिटं झाली की एकदा, फक्त एकदाच, ॲपमधून सुरुवातीपासून शेवटपर्यंत खऱ्या माणसासारखं चालून या. समजा होमस्टे बुकिंगचं ॲप आहे, आपल्याकडे हे काम पुष्कळांच्या वाट्याला येतं. तर तुम्ही पुण्याहून येणारं एक कुटुंब आहात, दोन मोठी माणसं, एक आजी, एक सहा वर्षांचा मुलगा, आजीला जिना चढता येत नाही. शोधा, निवडा, बुक करा, पैसे भरा, पावती उघडा, मग रद्द करा. मध्ये काही खटकलं तरी थांबू नका, एका ओळीत लिहा आणि पुढे जा. या एका फेरीत ॲप कुठे घट्ट आहे आणि कुठे डुगडुगतंय हे जाणवतं. काही लोक म्हणतात वेळ नसेल तर सरळ मार्गच, म्हणजे सगळं नीट भरलं तर काय होतं तेवढंच, तपासा आणि सोडून द्या. मला पटत नाही. सरळ मार्ग डेव्हलपरने स्वतः दहा वेळा चालून बघितलेला असतो, तो वरचा थर आहे.

खालचा थर, म्हणजे डेटा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कमी वेळात सगळ्यात जास्त बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, मला इथे सापडलेत आणि गोव्यात राहणाऱ्या टेस्टरकडे याचा खजिना आहे, आपल्याला तो दिसत नाही इतकंच.

आडनावं घ्या. डि'सूझा, डि'सा. रोमनमध्ये लिहिलं की मधे अपॉस्ट्रॉफी येतो आणि ज्या कोडने डेटाबेसची क्वेरी, म्हणजे त्याला विचारायचा प्रश्न, टाइप केलेला मजकूर नुसता जोडून बनवलीय ते तिथेच कोसळतं. आणि कोसळलं तर फक्त नावाचा प्रश्न नाही, बाहेरचा माणूस त्याच फटीतून डेटाबेसमध्ये शिरू शकतो, म्हणजे तुमच्या शेजाऱ्याच्या आडनावाने तुम्हाला सिक्युरिटीचा बग दाखवला. मग 'सा' हे आडनाव, रोमनमध्ये दोनच अक्षरं. "आडनाव किमान तीन अक्षरी हवं" असं कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, आणि आपल्या राज्यातल्या खऱ्या माणसाला फॉर्म सांगतो की तुझं नाव चुकीचं आहे. हा बग मी कधीच छोटा म्हणून लिहीत नाही.

गावांची नावं. पणजी, पंजिम, पोणजे, लोक तिन्ही टाइप करतात. मडगावचं रोमन स्पेलिंग रेल्वे स्टेशनच्या पाटीवर एक आणि इतर पाट्यांवर दुसरंच. म्हापशाचंही तसंच. सर्चमध्ये एका गावाची सगळी रूपं टाका आणि निकाल सारखे येतात का बघा. फोंडा तालुका २०१५ पर्यंत उत्तर गोवा जिल्ह्यात होता, मग दक्षिणेत गेला, तर ज्या ॲपने जिल्हा-तालुक्याची जुनी यादी कुठूनतरी उचललीय तिथे फोंडा अजून उत्तरेत सापडतो. विमानतळ आता दोन, दाबोळी आणि मोपा, मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. "गोवा विमानतळावरून पिकअप" असं नुसतं लिहिलेलं ॲप दिसलं की मी आधी विचारते, कुठला? कारण गाडी दाबोळीला उभी आणि पाहुणा मोपाला, असं झालं तर ती चूक दुरुस्त करायला अख्खा गोवा आडवा नाही तर उभा ओलांडावा लागतो.

नकाशा असेल तर अक्षांश-रेखांश उलटे पडलेत का हे एका नजरेत कळतं. गोवा साधारण १५.५ उत्तर आणि ७३.८ पूर्व. उलटं झालं तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. आणि माहितीच भरली नसेल तर शून्य-शून्यवर, आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये. नकाशा पूर्ण झूम आउट करायचा, पाच सेकंदांचं काम.

आता देवनागरी आकडे. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर आपल्या घरातली मोठी माणसं मोबाइल नंबर ९८२२ असा देवनागरीतच टाइप करतात, त्यांच्या दृष्टीने त्यात काही चुकीचं नाही आणि खरंच नाही. पण जावास्क्रिप्टमध्ये आकडा ओळखायचा जो नेहमीचा पॅटर्न आहे तो फक्त रोमन आकडे ओळखतो, म्हणजे फॉर्म म्हणणार "नंबर चुकीचा आहे". तिकडे पायथन ३ मध्ये तोच पॅटर्न देवनागरी आकडेही मान्य करतो. त्यामुळे कधीकधी असं होतं की वेबसाइटवर नंबर नाकारला जातो पण ॲपमधून आलेला नंबर सर्व्हर आनंदाने घेतो आणि तसाच देवनागरीत साठवतो, आणि मग त्या नंबरवर ओटीपी जात नाही आणि का जात नाही हे कोणालाच कळत नाही, सपोर्टवाले दोन दिवस शोधत बसतात. ही एक चाचणी करायला वीस सेकंद लागतात, प्लीज प्रत्येक नंबरच्या बॉक्समध्ये करा, पिनकोड, वय, रक्कम, सगळीकडे.

मेसेजचंही तसंच. साधा रोमन एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. आणि अक्षर म्हणजे आपण मोजतो तसं नाही, 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर वाटतं पण कॉम्प्युटरला ते चार तुकडे आहेत, क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यामुळे "बुकिंग कन्फर्म झालं" चा मराठी मेसेज दोन-तीन भागांत तुटतो, खर्च तेवढ्या पटीत वाढतो, आणि मेसेज पाठवणाऱ्या कुठल्यातरी स्वस्त गेटवेवर दुसरा भाग आधी येतो. नावाच्या बॉक्सला २० ची मर्यादा असेल तर लांब मराठी नाव टाकून बघा, कधीकधी ते जोडाक्षराच्या मधे कापलं जातं आणि पावतीवर लटकता हलन्त छापून येतो.

तारखांमध्ये माझी आवडती जोडी म्हणजे ३० डिसेंबर ते २ जानेवारी. गोव्यात ती सगळ्यात जास्त विकली जाते आणि नेमकं तिथेच वर्ष बदलतं, दर बदलतो, आणि कोणाचंतरी रात्रींचं गणित चुकतं. मग एकाच तारखेला चेक-इन आणि चेक-आउट. मग २९ फेब्रुवारी २०२८. मग फोनचं घड्याळ लंडनवर लावून तेच बुकिंग परत, कारण आपले पाहुणे तिथूनही बुक करतात आणि त्यांची ३० तारीख संपायच्या आधी आपली ३१ सुरू झालेली असते. पाहुण्यांची संख्या १ ते ४ असेल तर ०, १, ४ आणि ५, मधले २ आणि ३ सोडून द्या, वेळ नाही.

हा सगळा डेटा आयत्या वेळी आठवत नाही. फोनमध्ये एक नोट करून ठेवा, त्यात ही नावं, गावं, तारखा, आकडे कॉपी-पेस्ट करायला तयार. माझी नोट सहा वर्षांची झालीय, बसमध्ये कोणाचं अवघड नाव ऐकलं तरी त्यात जातं.

वेग आणि अडथळे

आपण टेस्ट करताना सावकाश, शहाण्यासारखं वागतो. खरी माणसं तशी वागत नाहीत. १९८५ ते १९८७ च्या दरम्यान अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशनच्या मशीनने सहा रुग्णांना भलताच मोठा डोस दिला, काहींचा जीव गेला. त्यातला एक दोष असा होता की ऑपरेटरने माहिती भरल्यावर आठ सेकंदांच्या आत मागे जाऊन ती बदलली तर स्क्रीनवर बदल दिसायचा पण मशीनच्या आतली तयारी जुनीच राहायची. सावकाश टाइप करणाऱ्याला तो दोष कधीच दिसला नसता. रोज तेच काम करून हात बसलेली ऑपरेटर मात्र भराभर टाइप करायची. शेवटी त्या हॉस्पिटलमधल्या तज्ज्ञाने आणि ऑपरेटरने मिळून तो दोष परत घडवून दाखवला, तोही वेगाने टाइप करूनच. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवसापासून एकही महत्त्वाचा फॉर्म मी फक्त सावकाश भरून सोडलेला नाही.

तर हे करा. पैसे भरायचं बटण पटापट दोनदा दाबा. पेमेंट चालू असताना मागे जा. तेच बुकिंग दोन टॅबमध्ये उघडून एकीकडे रद्द करा आणि दुसरीकडे तारीख बदला. पेमेंटच्या मधेच फ्लाइट मोड चालू करा, वीस सेकंद थांबा, बंद करा. चोर्ला घाट चढताना नेटवर्क जसं जातं-येतं तसं. सत्तरीत पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा वायफाय जातं आणि फोन मोबाइल डेटावर उडी मारतो, त्या उडीत लॉगिन टिकतं का? हे सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या वर लागत नाही, आणि परत फिरवता न येणारे बग इथेच जास्त लपतात.

एक मात्र पाळा. बग सापडला की त्याच्या मागे किती जायचं ते आधी ठरवा. मी पाच मिनिटं देते. पाच मिनिटांत परत घडवता आला तर लिहायचा, नाही आला तर जेवढं दिसलं तेवढं स्क्रीनशॉटसकट लिहून पुढे. एका मजेदार पण किरकोळ बगच्या मागे पाऊण तास घालवणं हा हुशार टेस्टरचा नेहमीचा सापळा आहे. अपवाद पैशांचा, तिथे घड्याळ बघू नका.

लिहून ठेवणं

टेस्ट करतानाच लिहायचं, नंतर नाही. डावीकडे वेळ, पुढे काय केलं, काय दिसलं, काय विचारायचंय. "३:४० दोन टॅब, रद्द + तारीख बदल, दोन्ही यशस्वी म्हणतं??" एवढं पुरतं. आणि समासात एक वेगळी खूण करून "हे बघितलं नाही" अशी यादी. ही यादी तुमची सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, का ते पुढे येईल.

बग लिहिताना शीर्षकात काय मोडलं, कुठे आणि कोणासाठी हे यायला हवं. "रिफंड चालत नाही" हे शीर्षक नव्हे. "बुकिंग रद्द करताना बटण दोनदा दाबलं तर रिफंड दोनदा जातो" हे शीर्षक. डेव्हलपरला ते वाचूनच कुठे बघायचं हे कळतं आणि मॅनेजरला ते वाचूनच रिलीज थांबवायचा की नाही हे कळतं. घाईत पायऱ्या कमी लिहिल्या तर चालेल, शीर्षक कमी लिहून चालत नाही.

"झालं का?"

पावणेसहाला कोणीतरी येऊन विचारतंच, झालं का? आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून "हो, ओके आहे" निघून जातं. हे दोन शब्द कधीच बोलू नका. मी त्या चवथीला बोलले होते. "९६ पास" हा आकडाही सांगू नका, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही, फक्त बरं वाटतं.

तीन गोष्टी सांगा. काय बघितलं, काय सापडलं, आणि काय बघितलं नाही व त्यामुळे काय होऊ शकतं. असं काहीसं: "बुकिंग, पेमेंट आणि रद्द करणं अँड्रॉइडवर खोलात बघितलं. दोन बग आहेत, एकात रिफंड दोनदा जातो, तो माझ्या मते थांबवण्यासारखा आहे. आयफोनवर काहीच बघितलेलं नाही आणि पावतीचा ईमेल बघितलेला नाही, ईमेल चुकला तर पाहुण्याला पत्ता मिळणार नाही." एवढंच. रिलीज करायचा की नाही हा निर्णय तुमचा नाही, पण तो घेणाऱ्याला अंधारात ठेवायचं नाही ही जबाबदारी पूर्ण तुमची आहे. पहिल्यांदा असं बोलताना छाती धडधडते, विशेषतः समोर वयाने मोठा माणूस असेल तर. "सर, एवढं बघायचं राहिलंय, चालेल ना तुम्हाला?" असं आदराने पण स्पष्ट विचारा. मला आजपर्यंत यावर कोणी ओरडलेलं नाही, उलट दोनदा रिलीज दुसऱ्या दिवसावर गेला.

सराव कसा करायचा

ऑफिसात रिलीजच्या दिवशी हे शिकता येत नाही, तिथे फक्त निभावता येतं. शिकायला अशी जागा लागते जिथे घड्याळ खरं असतं पण चुकलं तर कोणाचे पैसे जात नाहीत.

२००९ मध्ये बंगळुरूच्या काही टेस्टर्सनी वीकेंडला ऑनलाइन जमून एखादं सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळात एकत्र टेस्ट करायचं आणि नंतर त्यावर बोलायचं असं सुरू केलं, आणि ते पुढे दुसऱ्या देशांतही गेलं. आम्ही चौघांनी तीच पद्धत उचलली. रविवारी सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजून गेला, चहा-पाव झाला की माझ्या घराच्या ओसरीवर बसतो, एखादा लांब असला तर कॉलवर. दोन तास, जास्त नाही. पहिली दहा मिनिटं चार्टर लिहायचा, म्हणजे आज काय शोधायचं ते एका वाक्यात. मग साठ मिनिटं टेस्टिंग, टायमर लावून, मधे गप्पा नाहीत. टायमर वाजला की हात वर, वाक्य अर्धं असलं तरी. आणि उरलेला सगळा वेळ बोलायला.

हे चार्टर आणि ठरलेल्या वेळेचं सेशन आमचं नाही, २००० च्या सुमारास जोनाथन आणि जेम्स बाख या भावांनी ही पद्धत नीट मांडली, त्यांचं नेहमीचं सेशन साधारण ९० मिनिटांचं. एक्सप्लोरेटरी टेस्टिंग हा शब्द त्याच्याही आधीचा, १९८४ चा, सेम केनर यांचा. शिकता शिकता टेस्ट करायचं, आणि आत्ता जे दिसलं त्यावरून पुढची टेस्ट ठरवायची, असा त्याचा अर्थ. लोक त्याला मनाला येईल तसं क्लिक करणं समजतात, तसं नाहीये, चार्टर आणि नोट्स असतील तर त्यात पुरेपूर शिस्त आहे.

शेवटचं बोलणं, डिब्रीफ, कधीही गाळू नका. एकाच ॲपवर चौघांनी साठ मिनिटं घालवलेली असतात आणि चौघांना वेगळं दिसलेलं असतं. प्रत्येकाने सांगायचं की मी कुठून सुरुवात केली आणि का, वेळ कुठे गेला, सेटअपमध्ये किती, बगच्या मागे किती, खऱ्या टेस्टिंगमध्ये किती. पहिल्या महिन्यात माझी साठातली पंचवीस मिनिटं अकाउंट बनवण्यात आणि डेटा भरण्यात जायची. हे मी कागदावर बघितलं तेव्हाच ती फोनमधली नोट जन्माला आली. आमच्यातली एक मैत्रीण बँकेत काउंटरवर काम करते, टेस्टर नाहीच, पण तिला पैशांचे असे प्रश्न सुचतात की आम्ही तिघं वही काढतो. गटात एक तरी बाहेरचं माणूस ठेवा.

एकट्याने करायचा सराव म्हणजे बस. मी फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीचा पूल येईपर्यंत एकच स्क्रीन समोर धरते, कुठल्याही ॲपची, आणि तिच्यावर दहा प्रश्न काढते. काही दाबायचं नाही, फक्त प्रश्न. पहिले चार सोपे असतात, सातव्याला घाम येतो, नववा-दहावा कामाचा असतो.

एक काळजी घ्या. सरावासाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, ॲप्स घ्या, सरावासाठीच बनवलेल्या डेमो साइट्स घ्या, किंवा ज्याने स्वतः टेस्ट करायला सांगितलंय त्याचं ॲप घ्या. दुसऱ्याच्या चालू साइटवर परवानगीशिवाय सिक्युरिटीचे किंवा लोडचे (साइटवर एकदम भरपूर ताण टाकायचे) प्रयोग करू नका, सरकारी साइटवर तर अजिबात नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा होऊ शकतो, हेतू शिकायचा होता हे नंतर सांगत बसावं लागतं.

आयएसटीक्यूबीची, म्हणजे टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची, परीक्षा द्यावी का असंही विचारतात. फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या पायरीला, ४० प्रश्न, ६० मिनिटं, ६५ टक्क्यांना पास. नोकरीसाठी मागत असतील तर द्या, शब्द एकसारखे होतात त्याने. पण बांगड्याचा कल्ला उचलणं त्यात येत नाही.

पहिल्या रविवारसाठी चार्टर हवा असेल तर हा घ्या: फोनमधलं कुठलंही ओपन सोर्स खर्चाची नोंद ठेवणारं ॲप, साठ मिनिटं, शोधायचं काय तर "नोंद बदलताना किंवा डिलीट करताना एकूण रक्कम कुठे चुकते का". रक्कम देवनागरीत टाकून बघा, ३१ डिसेंबरची नोंद १ जानेवारीला हलवून बघा, डिलीट करताना फोन बंद करून बघा, आणि टायमर वाजल्यावर समोरच्याला आधी सांगा की तुम्ही काय बघितलं नाही.